दोन ते चार

फोंड्यात दुपारी एकला शटरं पडतात,
चारपर्यंत अख्खा बाजार पंख्याखाली आडवा.
तेवढ्यापुरतं आम्हाला मिळतं
पुरसोबाबचं नळ-तोट्यांचं दुकान,
बसायला रंगाचे डबे,
काउंटरवर वीस बाजूंचा फासा.

या वर्षी मी म्हटलं, स्पर्धा घेऊ.
खेळायची नव्हे, लिहायची.
प्रत्येकाने रचावी एक मोहीम,
दोन पानांत मावेल एवढी.
एक बंद दार हवं, एक खोटं बोलणारा हवा,
आणि पाणी कुठेतरी हवंच.
नाव घालायचं नाही, कागद टाकायचा
खिळ्यांच्या रिकाम्या खोक्यात.
दुसऱ्याच्या लिखाणावर बोलताना
पहिलं वाक्य चांगलं बोलायचं.
आणि दुसरं? उपेंद्रने विचारलं.
दुसरं चहानंतर.

बक्षीस, शिवणीच्या लाकडाचा फासा,
जोकिमने महिनाभर घासलेला,
तरी सतरावर जरा जास्तच पडणारा.
हरणाऱ्यांना जत्रेतलं खाजं.

चौघं लिहिणार, मी सूत्रधार.
खोक्यातून निघाले पाच कागद.

नावं नव्हती, पण अक्षर कुणाचं लपतं?
सुलक्षाच्या मोहिमेत खाणीचा खड्डा, हिरवं पाणी,
तळाशी ट्रक, आणि ड्रायव्हर अजून
खेपांचा हिशेब लिहीत बसलेला.
तन्वेशचे सव्वीस राक्षस,
शेवटच्या कदंबात कोंबल्यासारखे.
उपेंद्रचं दार फार सुंदर होतं,
चावी कुठे, ते लिहायला विसरला.
जोकिमने नदी काढली, फेरीबोट काढली,
पलीकडचा काठ काढलाच नाही.

पाचवा कागद पावतीच्या पाठीवर,
कार्बनचे निळे डाग:

'एक गुहा. आत असुर, वय झालेला.
दोन ते चार निजतो.
दार बंद दिसतं, नुसतं ओढून घेतलेलं आहे.
बाहेर माठ आहे, पाणी प्या.
फासा टाका, पण हळू टाका.
एकदा मोडली की त्याची झोप रात्रीही येत नाही.
खजिना आहे. मागितला तर देईल, चारनंतर.
खोटं बोलणारा तोच:
विचारलं तर म्हणतो, मला काही त्रास नाही.'

नियमात बसत होतं सगळं.
खेळायला बसलो.
जोकिमच्या योद्ध्याने चिलखत बाहेरच उतरवलं,
तन्वेशच्या चोराने वहाणा हातात घेतल्या.
अर्धा तास कुणी फासा टाकला नाही.
गुहेच्या तोंडाशी नुसते बसलो, कुजबुजत,
आणि जोकिम म्हणाला, कागद आले,
डिसेंबरात पोर्तुगालला जाणार.
योद्धा बोलला की तो स्वतः,
विचारायचं कुणाला सुचलं नाही.

तेव्हा मी मागे पाहिलं.
काउंटरपलीकडे अर्धा पडदा,
खाटेवर भिंतीकडे तोंड केलेला पुरसोबाब.
चार वर्षं आम्ही धरून चाललो होतो
की त्याला कमी ऐकू येतं.
त्याच्या पायाचा अंगठा
पंख्याच्या तालावर हलत होता.

गुण देताना सगळ्यांची पेन्सिल अडली.
पहिलं वाक्य कुणालाच सापडेना.

चारला तो तोंड पुसत बाहेर आला.
'झालं तुमचं?'
सुलक्षाने लाकडी फासा त्याच्यापुढे सरकवला.
त्याने तो उचलला, वजन पाहिलं,
गिऱ्हाइकाची तोटी पाहावी तसं.
टाकला. सतरा.

'असुरबाब, खजिना?'
तो हसला नाही. गल्ला उघडला,
एक चावी काढून काउंटरवर ठेवली.
'आयतारी मी घरी निजतो,' म्हणाला,
आणि शटर वर करायला गेला.

उपेंद्र बराच वेळ त्या चावीकडे बघत राहिला.
तन्वेशने खाज्याची पुडी सोडली.
जोकिमने फासा परत मागून घेतला,
नखाने एक कड चाचपली:
इथं अजून घासायचं राहिलंय,
डिसेंबरच्या आत करून देतो.