काढता पाय

तू विचारतेस, लियोनोर,
दुसऱ्याच्या देशातली लढाई संपवून
नीट कसं निघायचं.
तुझ्या खांद्यावर माझ्यापेक्षा दोन फिती जास्त.
धोरण मला विचारू नकोस. मी कोठारावरचा सार्जंट,
मला फक्त याद्या येतात.

कोरुबाल नदीच्या वळणावर आमचं ठाणं.
एप्रिलात लिस्बनमध्ये सरकार पडलं,
आम्हाला रेडिओवर कळलं, भाताला कढ येत होता.
ऑगस्टात कागद आला: एकोणीस दिवस, तीन प्रती.
मी मोजलं.
रायफली एकेचाळीस, होड्या दोन,
रॉकेलवरचा फ्रीज एक, दार न लागणारा,
प्रार्थनेची घंटा,
मच्छरदाण्या, फाटक्या वेगळ्या.
माणसांसाठी रकाना नव्हता.

आणि सुरुंग, दोनशे बारा.
नकाशा व्हिलेनाने काढलेला,
तो आमच्याआधीच घरी गेलेला, पेटीतून.
नकाशा म्हणतो, सावरीच्या झाडापासून चाळीस पावलं.
कुणाची पावलं? व्हिलेना सहा फुटी.
आणि सावर मागच्याच वादळात आडवी झालेली.
कप्तान म्हणाला, जमीन आता त्यांची,
त्यांचं ते बघतील.

तुमाने एम्बालो तिथलाच, आमच्या बाजूने लढलेला.
त्याने व्हिलेनाचे बूट मागून घेतले,
टाचेत पेंढा कोंबला,
आणि आधी साध्या रस्त्यावर
लांब लांब टांगा टाकत चालून दाखवलं,
थेट त्या मेलेल्या माणसासारखं.
आम्ही हसलो. मग मी टेप लावली.

अकरा दिवस पोटावर सरपटलो.
एकशे त्र्याहत्तर निघाले.
उरलेल्या एकोणचाळीसांभोवती चुन्याने रंगवलेले दगड,
आणि नकाशा मी स्वतः नेऊन दिला
पलीकडच्या कमांडरला,
गेल्या वर्षी ज्याच्यावर आम्ही तोफा डागत होतो.
त्याने सही केली. पेन परत दिलं नाही.

काढता पाय घेतला म्हणतात ना, सहज.
अगं, पाय काढायचा तर
आधी तो कुठे ठेवलाय ते ठाऊक लागतं.

दुसरा कागद पगारपत्रक.
एकसष्ट नावं, तिथल्याच पोरांची, अंगठ्यांसकट.
मागे ठेवलं असतं
तर कुणीतरी ते वाचत दारोदार फिरलं असतं.
फ्रीजच्या रॉकेलात भिजवून जाळलं.
वाटलं, एक कागद द्यायचा, एक जाळायचा,
मिटला हिशेब.

बोट आली. मी तुमानेसाठी जागा मागितली.
कप्तानाने वजनाचं कारण सांगितलं.
फ्रीज चढला.

मी उजवा हात पुढे केला.
त्याने डावा दिला.
लागलं मला ते. पन्नास वर्षं लागत राहिलं.

परवा त्याचं पत्र आलं, मुलीच्या अक्षरात.
जिवंत आहे. वीस वर्षं सीमेपलीकडे सेनेगलात काढली,
नाव बदलून.
पेन्शनच्या खिडकीत पुरावा मागतात म्हणे.
'पत्रक तुमच्याकडे असेलच, सार्जंट,
तुम्ही कधी काही हरवत नसा.'

खाली मुलीने आपल्या मनाने दोन ओळी जोडल्यात:
लांब जाणाऱ्याला आम्ही डावा हात देतो.
चुकीचा हात, मुद्दाम.
चूक सुधारायला
मग त्याला परत यावं लागतं.

तुझ्या फॉर्मवर बघ, माणसांचा रकाना आहे का.
नसला तर पट्टी घे, रेघ मार,
वरच्यांची वाट बघू नकोस.

एकसष्टांतली चव्वेचाळीस मला पाठ आहेत.
पंचेचाळिसावं जिभेवर येतं, आणि परततं.
रविवारी आलीस तर जाड वही आण,
माझं अक्षर आता थरथरतं.
नोटरी गुरुवारी बसतो,
दुपारपर्यंतच.