दळण झालं का

घणसोली गावात, तलावामागच्या गल्लीत
हरेश्वर मढवींची गिरणी.
पत्र्याच्या डब्यांवर खडूने नावं:
नायर, ज्वारी. कांबळे बी-विंग, जाडसर.
इक्बाल रिक्षा, पाच किलो, घाई.

"माना ॲप पायजे," ते म्हणाले
पट्टा थांबवून, भुवयांवरचं पीठ तसंच ठेवून.
"दलन झाला का फोनमदी टिंग वाजला पायजे.
आनि वर आपला चित्र. जात्याचा."

मी ऐरोलीत दिवसभर दुसऱ्यांची ॲपं लिहिते,
म्हणून वहीत आकडे मांडून दाखवले:
अँड्रॉइडचं वेगळं, आयफोनचं वेगळं,
दुकानात मांडायचे पैसे वेगळे,
आणि फोनवाले दरवर्षी आपलं छप्पर बदलतात
तेव्हा आपणही पुन्हा शाकारायचं.
वेबसाइट म्हणजे एकच उंबरठा.
कुठल्याही फोनवरून यावं, विचारावं, जावं.
फक्त टिंग वाजेलच असं नाही.

उंबरठा त्यांना पटला नाही.
"लोकांचे डबे रातभर आपल्याकडं वस्तीला
आनि आपल्याला त्यांच्या फोनमदी
बोटभर जागा नाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
निघालं ते इक्बालभाईंकडे.
नमुन्याचं ॲप त्यांच्या फोनवर चढवायला गेले,
फोन म्हणाला, जागा अपुरी आहे.
उभ्या रिक्षात बसून ते
एकेक चौकोन माझ्यापुढे धरत गेले:
हे पासबुक. हे गॅसचं.
हे शाळेचं, यात मुलीची हजेरी येते.
हा व्हिडिओ, खाडीकडच्या रस्त्यावर
तिने पहिल्यांदा सायकल चालवली तो.
शेवटी पडते, म्हणून ठेवलाय.
"सांगा, पाच किलो गव्हासाठी
यातलं काय काढू?"

त्या रात्री मी उंबरठाच बांधला.
बिऱ्हाड न मागणारा.
तुमचे फोटो बघू का, माणसं मोजू का,
आत्ता कुठे आहात,
असलं काही दारातच न विचारणारा.
पांढरं पान. डब्याचा नंबर टाकायचा,
खाली शब्द उमटतो: झालं. किंवा: थांबा.
मढवींनी बोट लावलं की थांबाचं झालं होतं.

गिरणीत रेंज नाही.
बोट लावायला ते तलावाच्या कठड्यापर्यंत जातात,
गल्लीभर पिठाची पावलं.
ॲप असतं तर ते बोट खिशात ठेवून
रेंज आल्यावर आपसूक पोचवलं असतं.
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

क्यूआरचा कागद तराजूशेजारी चिकटवला होता.
तीन दिवसांत पिठाने इतका गोरा झाला
की कुठल्याच फोनला ओळखू येईना.
मग त्यांनी खडू उचलला.
प्रत्येक झाकणावर, नावाखाली:
मढवीगिरनी डॉट इन.
गिरनीच. बोलतात तसं.
"नायरबाईच्या ओट्यावर गेलू," ते ओरडून सांगतात
पट्ट्याच्या आवाजावर,
"बी-विंगच्या माळ्यावर गेलू.
आता बोल, जागा नाय?"

खरा पत्ता वेगळ्या लिपीत आहे, आणि थोडा वेगळाच.
मी मान हलवली.

महिनाअखेर मोजणी उघडली.
सात भेटी.
सहा माझ्याच, चालतंय का बघायला.
सातवी एका मंगळवारी,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
डबा नंबर चाळीस.
आमच्याकडे एकोणचाळीसच डबे येतात.

ॲप असतं तर नाव कळलं असतं,
फोन नंबर, गल्लीसुद्धा.
पान काही सांगत नाही.
एवढंच, की गिरणी बंद असताना
कुणीतरी आलं,
झालं का विचारलं,
थांबा वाचलं,
आणि बावीस सेकंद
थांबलं.