घोड्यावरून अर्धा दिवस

वेरा आंतोनोव्नाच्या वहीत, जून १९६३:
‘सारी-बुलाकपासून घोड्यावरून अर्धा दिवस.
उत्तर उतार. झरा डाव्या हाताला.
चौकट दहा बाय दहा, चार कोपऱ्यांना लोखंडी मेखा.
ट्यूलिप : दोनशे चौदा.’
बस्स.
पुढच्या पानावर नालांचा हिशोब.

कुठला घोडा, ते लिहायचं राहिलं.
डावा हात जातानाचा की परततानाचा?
आणि सारी-बुलाक म्हणजे पिवळा झरा,
आमच्या डोंगरात दर दुसऱ्या खोऱ्याला
एक तरी पिवळा झरा असतोच.

कालिस आणि मी तीन उन्हाळे हिंडलो.
दोन चुकीच्या झऱ्यांचं पाणी प्यायलो,
तिसऱ्याने आठवडाभर आडवं पाडलं.
बाईंच्या नावाने मी काय काय बोलले
ते कुठल्याही तक्त्यात नाही.

मग वरच्या कुरणात बुरुल आपा भेटल्या,
घोड्या दोहत होत्या.
‘वेरा? लाल नाकाची?
आमच्याच करड्या घोडीवरून जायची.
ती घोडी दर ओढ्यापाशी चरायला थांबायची.
तिचा अर्धा दिवस.
माझ्या पायांना तास पुरतो.’

त्यांचं शिंगरू ज्याला बांधलं होतं
त्या लोखंडावर छिन्नीने कोरलेला आकडा : ३.
‘उपटलीत तुम्ही?’
‘लोखंड चांगलं होतं,’ त्या म्हणाल्या,
आणि कुमिसचा वाडगा पुढे केला.
‘पण चौथी काही निघाली नाही.
माझ्या नवऱ्याने दोन फावडी मोडली तिच्यापायी.’

चौथी मेख तिथेच होती.
गंजलेली, तिरकी, गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली.
तिच्यापासून दोरी ताणली, कोन धरला,
उरलेले तीन कोपरे रिकाम्या हवेतून परत आणले.
आपा बाजूला बसून लोकर कातत राहिल्या.
आम्ही मोजलं. पुन्हा मोजलं.
एकतीस.
कालिस वहीत आकडा लिहीना,
पेन्सिलीला टोक करत बसला.

शहरात आल्यावर तक्ता भरला.
अक्षांशाच्या रकान्यात रेखांश पडला
आणि नकाशावर आमचे एकतीस ट्यूलिप
बॅरेंट्स समुद्रात उगवले,
रशियाच्याही वर, बर्फाळ पाण्यात.
हसलो खूप.
नंतर वाटलं, राहू द्यावेत तिथेच.

कारण शेजारच्या खोऱ्याचा अहवाल
सहा दशांशांपर्यंत नेमका होता, म्हणजे
माणसाच्या मुठीएवढा नेमका.
पुढच्या वसंतात तिथे एक जीप आली.
उरले ते खड्डे. आमच्याच चौकटींसारखे,
ओळीने, बाजू सारख्या, शिस्तीत.
कंद कुठे विकले गेले, त्याचा अहवाल नाही.

म्हणून मी दशांश चिन्हाच्या उजवीकडचा
एकच आकडा ठेवला.
आता त्या बिंदूत मावतात
एक नदी, दोन खिंडी, सगळी मेंढरं,
बुरुल आपांचा तंबू आणि बरंच काही नसणं.
नेमके आकडे कुलपात आहेत.
एक किल्ली कालिसकडे.
दुसरी आपांना द्यायला गेले तर म्हणाल्या,
‘मला कशाला? मला वाट माहीत आहे.’

परीक्षकांचं पत्र आलं :
‘स्थळाचं वर्णन अपुरं.
अभ्यास दुसऱ्या कुणाला पुन्हा करता यायला हवा.’
खोटं नाही त्यांचं.
साठ वर्षांनी कुणी पोरगी
माझ्याही नावाने बोटं मोडेल,
चुकीच्या झऱ्याचं पाणी पिऊन.

रात्री उत्तर लिहिलं :
‘सारी-बुलाकपासून घोड्यावरून अर्धा दिवस.
घोडी करडी, ओढ्या-ओढ्याशी थांबणारी.
पुढचं बुरुल आपांना विचारावं,
त्या नसल्या तर त्यांच्या नातीला.’

घोडीचं नाव आपांना आठवत नाही.
तो रकाना रिकामा सोडला आहे.