भाता

पद्माकर तांबट जिना चढून येतात
तेव्हा महात्मा गांधी रोडवरची शटरं दुपारसाठी अर्धी उतरलेली.
पिशवीतून एक प्लेअर काढतात, रबरबँड लावलेला रिमोट,
आणि टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क,
बाळंतिणीसाठी निघालेल्या डब्यासारखी, अजून कोमट.

"हा म्हणतो, ओळखत नाही," ते सांगतात,
जरा मोठ्यानेच.
चाळीस वर्षं हंडे ठोकले,
कान तिथेच राहिले, ऐरणीपाशी.

मी केबल बदलते.
मागचं पोर्ट, पुढचं पोर्ट.
माझ्या लॅपटॉपला लावते, तर लगेच हजर:
अकरा फोल्डर, प्रत्येकाला एक साल.
म्हणजे डिस्क जिवंत आहे,
फक्त या डब्याला तिचं अक्षर लागत नाही.
हे त्यांना कसं सांगायचं?
बिलाच्या पाठीवर मोठं लिहिते:
लिहायची पद्धत वेगळी आहे.
ते चष्मा वर करून वाचतात.
"म्हणजे मोडी?"
हो, मोडीच म्हणा.

रात्रभर सगळं माझ्या डिस्कवर उतरवलं,
त्यांची पाटी कोरी केली,
प्लेअरला वाचता येईल अशा रेघा आखल्या,
पुन्हा सगळं जागच्या जागी.
सकाळी लावून बघते,
तर पडद्यावर तेच वाक्य.

मी चिडते. प्लेअरला जुनाट म्हणते,
कंपनीला आणखी काही.
त्यांना ऐकू येत नाही, हे एक बरं.
ते पुढे वाकतात,
डिस्कवर उजव्या हाताची दोन बोटं ठेवतात,
ताप बघावा तशी.
डोळे मिटतात.
"उठते," म्हणतात. थांबतात. "बसते."
पुन्हा. "उठते. बसते."
मग माझ्याकडे बघून,
"भाता कमी पडतोय गं."

मला का नाही सुचलं.
या डब्याच्या पोर्टात तेवढा करंटच नाही,
ती फिरायला निघते आणि अर्ध्यात बसते.
ड्रॉवरच्या तळाशी दोन तोंडांची एक केबल होती.
एक तोंड प्लेअरला,
दुसरं मोबाइलच्या चार्जरला.

पडद्यावर काही यायच्या आधीच
ते बोटं न उचलता म्हणाले, "धरलं."

अकराही सालं रंगपंचमीची.
तिवंधा, वरच्या मजल्यावरून घेतलेलं.
वर्षभर त्या रहाडीवर फळ्या, फळ्यांवर माती,
मातीवरून रिक्षा, कोथिंबिरीची गाडी,
आपण पाय देतो तिथे खाली हौद आहे
हे कोण लक्षात ठेवतं.
आणि मग त्या एका दिवशी उघडलेला, काठोकाठ पिवळा.

एका सालात खुद्द पद्माकरराव.
बनियन, पोट, हात जोडलेले,
धप्पा!
चित्र एवढं हललं की माणसं, भिंती, पिवळा, सगळं एक झालं.
"कॅमेरा कुणी धरला होता?" मी लिहिलं.
"इंदुमतीने. कधी स्थिर धरलाच नाही तिने."

मला मात्र ऐकू येत होतं
कॅमेरा का हलतोय ते.
माइकच्या अगदी जवळ एक बाई हसत होती,
हसू दाबत होती, पुन्हा फुटत होती,
मध्येच कुणाला तरी सांगत होती, बघ, बघ, गेले.
हे लिहून द्यावं की नाही?
मी काही लिहिलं नाही.
आवाज वाढवला,
स्पीकर त्यांच्याकडे सरकवला.
ते थोडा वेळ नुसते बघत राहिले,
मग तीच दोन बोटं
त्याच्या जाळीवर.

केबलचे एकशे ऐंशी झाले. रात्रीचे मी लावले नाहीत,
त्यांनी वाद घातला आणि दोनशे ठेवले.
सोळा सालचा फोल्डर शेवटपर्यंत उघडला नाही,
त्यासाठी परत यायचं ठरलंय.
मी चिठ्ठी दिली: चार्जर कधी काढू नका.
त्यांनी ती वाचली, माझंच पेन मागितलं,
खाली आपल्या अक्षरात लिहिलं: भाता चालू ठेवणे,
आणि डिस्क टॉवेलात गुंडाळायला घेतली.