तिसरा क्रॉस

पहिला क्रॉस नाही. दुसराही नाही.
आमचा पत्ता थेट तिसऱ्यापासून सुरू होतो.
प्लॉट सतरा, येळ्ळूर रोडच्या आत,
‘पुढं वाट न्हाई’ म्हणून रिक्षावाला जिथं उतरवतो
त्याच्याही पुढं.

होनगेकरनं बॉनेटवर नकाशा पसरला होता.
निळ्या शाईत बाग, हिरव्या शाईत शाळा,
लाल शाईत रिंगरोड.
‘पाच वर्षांत डबल. नाहीतर माझं नाव बदला.’
सहावं वर्ष चालू आहे.
बागेत भैरू सायनेकराच्या म्हशी बसतात,
आणि होनगेकरचं नाव तेवढं खरंच बदललंय,
पूर्वी एजंट होता, आता डेव्हलपर.

मी उद्यमबागेत लेथवर, एकवीस वर्षं.
मिलीमीटरचा शंभरावा भाग बोटाच्या पेराला कळतो.
टेप लावला तर तीस बाय चाळीसमध्ये
एक वीत कमी.
‘एवढं चालतंय की हो,’ सर्व्हेअर म्हणाला.
जॉब असता तर रिजेक्ट केला असता.
पण पीएफ आत गेला होता,
उज्ज्वलाच्या पाटल्या आत गेल्या होत्या,
आणि जमीन काही चकमधून सोडवून
बाजूला ठेवता येत नाही.

खरेदीपत्र कानडीत.
सही करताना मी आकडे वाचले
आणि माझं नाव, जे त्या लिपीत
माझ्यापेक्षा गुटगुटीत दिसतं.
घरी लेकीनं वाचून दाखवलं, शाळेच्या सुरात:
पूर्वेला प्लॉट अठरा,
पश्चिमेला वीस फुटी रस्ता,
उत्तरेला प्लॉट सोळा,
दक्षिणेला... इथं ती थांबली.
‘बावी. म्हणजे विहीर, पप्पा.’

कुठली विहीर?
दक्षिणेला तर सपाट मुरूम,
आणि एक खांब, ज्यावर दिवा अजून यायचाय.

भैरूला विचारलं.
त्यानं म्हशीच्या पाठीवरची गोमाशी आधी उडवली.
‘होती की. अठ्ठावीस हात.
माझ्याच पोराच्या जेसीबीनं बुजवली,
सकाळी धरली, जेवायच्या टायमाला संपली.
तासावर भाडं लावलं हो त्यानं,
जरा सावकाश बुजवला असता तर
चार पैसे जास्त मिळाले असते.’
हसला. मग हसला नाही.
‘बासमती पिकवूलालतो इथं.
भात शिजला की वास रोडपर्यंत.’

आमच्या कुकरमधून रेशनच्या तांदळाची वाफ निघते.
स्वयंपाकघराची दक्षिणेकडची भिंत
भर एप्रिलात घाम धरते.
दोनदा केमिकल मारलं, एकदा टाइल्स लावल्या.
टाइल्सच्या सांध्यांतून थेंब येतात,
एकसारख्या अंतरावर, जणू कुणी मापून पाडलेत.
उज्ज्वला आता फडकं तिथंच लटकवून ठेवते.

परवा होनगेकरचा फोन. ‘गिऱ्हाईक आहे, हुबळीचं.
डबल नाही, पण दीडपट नक्की. रोख.’
मी कागदावर हिशेब मांडला:
सिमेंट, हेस्कॉमचं डिपॉझिट,
शेजार नसलेल्या सहा वर्षांच्या रात्री
कुठल्या खात्यावर टाकायच्या ते कळेना.
‘आणि विहिरीचे?’ उज्ज्वला म्हणाली.
चेष्टेत म्हणाली की कसं, तोंडावरून दिसत नव्हतं.

आज प्लॉट अठरावर कुणीतरी पाया आखूलालंय.
बागलकोटकडचे लोक. बाई नारळ घेऊन उभी.
दोन बोअर कोरडे गेले, तीनशे फुटांवरही फक्त धूळ.
मग कुणीतरी भैरूला बोलावलं,
पाणी कुठं आहे, तो सांगेल म्हणून.

भैरू चपला काढून निघाला.
पावलं मोजत, ओठ हलवत,
आखलेली दोरी ओलांडून,
आमची तुळस डावीकडं टाकून
नेमका आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी थांबला.

सगळे त्याच्याकडं बघत होते.
त्यानं भिंतीवर तळहात ठेवला,
ताप बघतात तसा,
आणि कुणालाच काही बोलला नाही.

आतून उज्ज्वलानं खिडकी उघडली.
‘चहा घेणार काय भैरूमामा?’
‘घे की,’ तो म्हणाला. ‘पाणी जरा जास्तच टाक.’