यंदा उशिरा

वच्छला पुसदला गेली, मोनालीच्या बाळंतपणाला.
एस्टीच्या पायरीवर उभी राहून म्हणाली,
"भरितात तेल कमी नोका करजा,
अन् सकाळी सांदवाडीत पाह्यत जाजा.
दिवाळीतच येते थो, यंदा नाही आला.
आला का फोन लावजा."
कोण, ते विचारेपर्यंत कंडक्टरनं दोरी ओढली.

बत्तीस वर्षं मी लाईनमन.
पाखरू म्हणजे मला ठाऊक एवढंच:
डीपीवर चिकटलेलं, काळं पडलेलं,
रात्री दोनला सायकल काढायला लावणारं.
जिवंतपणी तारेवर कोण बसून जातं
याची नोंद आमच्या रजिस्टरात नव्हती.

आता पौष.
रांजणातलं पाणी बोटाला चावतं.
मागल्या सालच्या पराटीचा जाळ करून
चुलीपुढं बसतो, कानाला मफलर,
निखाऱ्यात एक हिरवं वांगं.
पहिल्या दिवशी वरून कोळसा, आतून हट्टी.
दुसऱ्या दिवशी फोनवरून शिकवणी:
"देठापाशी दाबून पाहा नं, बाप्पा,
देठ नरमला म्हणजे वांगं नरमलं."
तिसऱ्या दिवशी साल सुटली
ओल्या मोज्यासारखी.
त्यात कांद्याची पात, लसणाची पात,
भाजलेली मिरची, मूठभर सांभार,
अन् जवसाचं तेल, तिनं सांगितलं त्याहून जास्तच.
एकट्यानं खाल्लं.
बोटं चाटताना कुणी पाहत नाही ना म्हणून
उगाच दाराकडं पाहिलं.

दारात सातभाई.
सात कुठले, मी मोजले, नऊ होते,
वालाच्या वेलाखाली पाचोळा उलथत,
ग्रामसभेसारखे सगळे एकदम बोलत.
हे नव्हेत. हे तर रोजचे.
कढीपत्त्यावर एक इवला शिंजीर लटकून गेला.
तोही नव्हे.
कुणाची वाट पाहतोय ते माहीत नसताना
माणूस बरंच काही पाहतो:
भेदऱ्याच्या रोपावर कोळ्याचं जाळं दवानं भरलेलं,
एक एक थेंब ओळंब्यासारखा सरळ.
आमच्या तारा कधी इतक्या ताणल्या गेल्या नाहीत.

मग परवा, तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो,
सोल्यांच्या आमटीसाठी,
निम्मे भांड्यात, निम्मे तोंडात.
न्हाणीच्या उरलेल्या विटांवर काहीतरी उतरलं.
वरून राख, खालून निखारा,
कुणी चुलीतून उचलून ठेवावं तसं.
बसलं, वाकलं,
अन् शेपूट थरथरली.
थांबली. पुन्हा थरथरली.
सैल जोडणीवरचा बल्ब असाच करतो.
हात आपोआप खिशाकडं गेला, पक्कडीसाठी.
पक्कड तर कधीच ऑफिसात जमा केली.

फोन शोधायला आत गेलो,
चष्मा शोधायला मीटरपाशी.
या मीटरकडं दर महिन्याला पाहत आलो, आकड्यांपुरतं.
शेजारी भिंतीवर, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात
एकाखाली एक:
धनतेरस. पाडवा. भाऊबीज, संध्याकाळी.
नरकचौदस, पाऊस होता.
अशा अकरा ओळी.
हिला माझ्या कामाचे तास विचारले तर सांगता येत नसत,
असं मी चारचौघांत हसून सांगायचो.

"आला," मी म्हणालो.
"कोन?"
"तो. शेपूट हालवते तो."
पलीकडं थोडा वेळ काहीच नाही,
मग पाळण्याची करकर,
मग, "कुठी बसला?"
"विटांवर."
"विटांवरच बसते थो. नर हाय का मादी?"
"पोट लाल हाय."
"मंग नर. त्याले थिरथिरा म्हन्तेत.
लिहा भितीवर. पेन्सिल डाळीच्या डब्यावर हाय."

मी पेन्सिल घेतली. तिथी आठवेना.
'पौष' लिहिलं, अन् थांबलो,
अक्षर तिच्याहून मोठं आलं होतं.
तेवढ्यात फोनमधून,
पंचावन्न किलोमीटरवरून,
"अवो, तव्यावर काही हाय का तुमच्या?"

होती. कळण्याची भाकर.
एका बाजूनं राख, एका बाजूनं निखारा.
उलटली.