मागचं लॉक

गेथिन प्रॉसर गॅरेजच्या फरशीवर
खडूनं दोन चाकं काढतो, मधे एक डबा.
वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला, आतल्याला जवळचा,
हा डबा दोघांना आपापल्या चालीनं जाऊ देतो.
इथवर ठीक.
पण एक अधांतरी लटकलं, की सगळं फिरणं त्यालाच.
जमिनीवरचं मग बसून राहतं गप्प.

उथळ पाण्याला खळखळाट फार,
माझ्या तोंडावर येतं.
पण हे वेल्श माणसाला समजवायचं म्हणजे
अजून अर्धा तास, आणि बाहेर ट्रेगॅरनमधे
पार्किंगचा माणूस फिरतोय.

फेब्रुवारीत पाहिलंय मी ते.
ओढा ओलांडून वर, भिंत ढासळलीय तिथल्या चाकोऱ्यांत
पुढचं डावं आणि मागचं उजवं,
दोन्ही हवेत, हट्टी पोरासारखी पाय झाडत.
उरलेली दोन चिखलात पक्की उभी,
कामाची, आणि बिनकामाची.
मधलं लॉक लावलं होतं, गेथिन, ते विचारू नकोस.
ड्रेसिंगची पेटी उराशी धरून
पाऊण मैल चालत गेले
योर्वर्थ प्यूंच्या पायाची जखम धुवायला.
चहा गार झाला, एवढंच म्हणाले.

अकराशे पौंड. मजुरी वेगळी.

रात्री डायरी काढून बसले.
वर्षात चौसष्ट फेऱ्या, अडकले तीनदा,
त्यातलं एकदा माझ्याच घाईनं.
मिरजेला शिकत होते तेव्हा मेट्रन म्हणायच्या,
पट्टी जखमेच्या मापाची बांधा,
भीतीच्या मापाची नको.
मग ही पट्टी कुणाच्या मापाची?

गेथिनलाही विकायची घाई नाही.
आधी टायर बदल, म्हणतो. हवा थोडी सोड.
उतरून चालून बघ, मग चालव.
आणि लॉक लावून ओल्या तिरक्या उतारावर गेलीस
तर दोन्ही चाकं मिळून घसरतील.
आत्ता निदान एक तरी धरून राहतं.
‘तुला धंदा करायचाय की नाही?’
‘करायचाय. पण रात्री दोनला तुला ओढायला
मलाच यायचंय.’

टायर घेतले. लॉक राहिलं.

मग एप्रिलातल्या गुरुवारी
ओढा ओलांडला आणि गाडी चढली,
घरच्या पायऱ्या चढावी तशी, न कुरकुरता.
खाली उतरून पाहिलं.
चाकोऱ्या भरलेल्या, चपटे दगड,
एकात एक बसवलेले, कडेला मातीसुद्धा ठोकलेली.
वर दारात योर्वर्थ, वय एक्क्याऐंशी,
हातात फावडं, चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या मुलाचं हसू.
‘आता नको ना ते महागडं यंत्र?’

पट्टी सोडली.
अकरा आठवड्यांत नाण्याएवढी झालेली जखम
पुन्हा बशीएवढी, कडा लाल,
मोज्यात चिखल.
पाय वर ठेवून बसा म्हणून
दर गुरुवारी सांगत आले होते मी,
आणि गाडी अडकते हेही
मीच सांगितलं होतं, गंमत म्हणून, बिस्किट खाताना.

‘अहो, काय हे!’ मी मराठीतच ओरडले.
त्यांना नीट कळलं.
फावडं हळूच दाराआड सरकवलं.

परतताना दगडांवरून गाडी इतकी सावकाश नेली
की एकही हलू नये.
आरशात ते अजून उभे,
सगळा भार बऱ्या पायावर.

खालच्या फाटकापाशी रेंज येते.
‘गेथिन, लावून टाक.’
‘हिशेब बदलला?’
‘हिशेब तोच आहे.’
तो थोडा वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, मंगळवारी आण,
आणि माझ्याकडचं गिअरचं तेल संपलंय,
येताना दोन डबे घेऊन ये.